जुना कॉम्प्युटर, जुना प्रोग्राम आणि आपले बदल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माळ्यावरचे जुने घरगुती कॉम्प्युटर परत सुरू कसे करायचे ते लिहिलं होतं, त्यावर इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा सगळीकडून पत्रं आलीत आणि बहुतेकांचा सूर एकच, की मशीन तर सुरू झालं, आता त्यातला प्रोग्राम आपल्याला हवा तसा बदलता येईल का? येतो. त्या काळची मशीनं याच कामाची होती, चालू केली की समोर बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा यायची आणि आतली सगळी मेमरी तुमच्या हातात. निवडक पत्रं आणि उत्तरं देतोय.

प्रश्न: बाबांनी ४८के स्पेक्ट्रमवर (सिंक्लेअरचा ४८ केबी मेमरीचा घरगुती कॉम्प्युटर) गणपती मंडळाच्या वर्गणीचा प्रोग्राम लिहिला होता. बाबा आता नाहीत. कॅसेट अजून लोड होते, जुन्या सगळ्यांची नावं आणि आकडे दिसतात, पण २०० नावं झाली की पुढे घेत नाही, आणि वर्ष २५ टाकलं की १९२५ छापतो. यंदा मंडळात हाच प्रोग्राम चालवून दाखवायची फार इच्छा आहे. नावं न जाता बदल होईल का? (रामबाग, इंदूर)

उत्तर: ताई, होईल, आणि तुमचं पत्र वाचून मला खूपच आनंद झाला म्हणून तुमच्यापासूनच सुरुवात करतोय. पण आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, त्या मशीनवर रन हा हुकूम द्यायचा नाही. स्पेक्ट्रमवर आर ची एकच की दाबली की अख्खं रन येतं आणि एंटर केलं की प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी सगळे व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामने साठवलेली माहिती, पुसले जातात, म्हणजे बाबांनी भरलेली सगळी नावं गेली. तुमच्या कॅसेटमध्ये नावं वेगळ्या फाइलमध्ये नाहीत, पत्रावरून दिसतंय की ती प्रोग्रामच्या सोबतच सेव्ह झालीत, बाबांनी सेव्ह करताना शेवटी लाइन हा शब्द आणि नंबर लावला असणार त्यामुळे लोड झाल्यावर प्रोग्राम आपोआप गो टू करून सुरू होतो आणि नावं शाबूत राहतात. तुम्हाला पण थांबवून परत सुरू करायचं असेल तर गो टू आणि लाइन नंबर, बस. क्लिअर पण नको, न्यू तर नकोच नको, ते हुकूमही पुसतात.

आता क्रम सांगतो. मूळ कॅसेटच्या मागच्या दोन्ही खाचा रिकाम्या आहेत का बघा, प्लॅस्टिकची जीभ शाबूत असेल तर ती तोडून टाका म्हणजे त्यावर चुकूनही रेकॉर्ड होणार नाही. मग लोड करा, मेनू आला की थांबवा. प्रोग्राम काही विचारत थांबलेला असेल तर ब्रेक चालत नाही, तिथे सिम्बॉल शिफ्ट आणि ए दाबून स्टॉप द्यायचं, आणि अक्षरं विचारत असेल तर आधी ती दोन अवतरण चिन्हं डिलीट करून मग स्टॉप. खाली रिपोर्ट आला की काहीही बदलायच्या आधी नव्या कॅसेटवर सेव्ह करा आणि व्हेरिफाय करा, म्हणजे सेव्ह नीट झालं का ते मशीन तपासतं. व्हेरिफाय लोक कंटाळून टाळतात, तुम्ही टाळू नका.

मग लिस्ट काढा, म्हणजे प्रोग्रामच्या लाइनी दिसतील, आणि डिम शोधा, म्हणजे ॲरेची (नावं-आकड्यांच्या यादीची) जागा ठरवणारा हुकूम. बहुधा एन$(२००,२०) असं काहीतरी असेल, म्हणजे २०० नावं, प्रत्येकी २० अक्षरं, आणि रकमेसाठी व्ही(२००). तुमची व्हेरिएबलची अक्षरं वेगळी असतील तर त्याप्रमाणे घ्या. इथेच गंमत आहे, डिम परत दिलं की जुना ॲरे पुसून नवीन कोरा तयार होतो, त्यामुळे नुसतं २०० चं ४०० केलं तर नावं गेलीच. म्हणून आधी नावं दुसरीकडे हलवायची. लाइन नंबर न देता सरळ टाइप करा: डिम एम$(४००,२०), एंटर. मग फॉर आय=१ टू २००: लेट एम$(आय)=एन$(आय): नेक्स्ट आय, एंटर. आता डिम एन$(४००,२०) द्या आणि तसाच उलटा लूप लावून नावं परत एन$ मध्ये आणा. रकमेचं पण असंच, डब्ल्यू(४००) मध्ये नेऊन परत आणायचं. एम आणि डब्ल्यू ही अक्षरं बाबांनी कुठे वापरली नाहीत ना, ते आधी लिस्टमध्ये बघून घ्या. शेवटी डिम एम$(१) आणि डिम डब्ल्यू(१) दिलं की तात्पुरती जागा मोकळी होते.

मेमरी पुरेल का? पुरेल. एका अक्षराला एक बाइट, म्हणजे ४०० नावांना ८,००० बाइट, एका आकड्याला ५ बाइट म्हणजे २,००० बाइट, आणि ४८के मध्ये बेसिकला साधारण ४१ केबी मोकळी मिळते. हलवाहलव करताना दोन्ही ॲरे एकदम असतात तेव्हाही २० केबीच लागते.

आता प्रोग्राममधले २०० शोधून ४०० करायचे, आणि हे शोधताना व्हॅल "२००" असं लिहिलेलं पण बघा. त्या काळी हुशार माणसं असं मुद्दाम लिहायची कारण स्पेक्ट्रम प्रत्येक आकड्यामागे लपवून ६ बाइट जास्तीचे ठेवतो आणि व्हॅल वापरलं की ते वाचतात. डिमच्या लाइनमध्ये पण ४०० करा, पण ती लाइन परत चालू देऊ नका, गो टू देताना तिच्या पुढच्या किंवा मेनूच्या लाइनवर जा. या मशीनवर लाइन एडिट केली म्हणून व्हेरिएबल जात नाहीत, तेवढी निश्चिंती आहे (कमोडोर ६४ या दुसऱ्या मशीनवर जातात, कोणी तिकडे हाच प्रयोग करणार असेल तर सांभाळून).

वर्षाचं सोपं आहे. कुठेतरी प्रिंट "१९";वाय$ अशी लाइन असेल. या बेसिकमध्ये एल्स नसतं म्हणून दोन लाइनी कराव्या लागतील, इफ व्हॅल वाय$<५० देन प्रिंट "२०";वाय$ आणि खाली इफ व्हॅल वाय$>=५० देन प्रिंट "१९";वाय$. चार आकडी वर्ष घेण्याच्या भानगडीत मी तरी पडणार नाही, कारण मग तारखेचा ॲरे पण वाढवावा लागेल आणि जुन्या नोंदी त्यात बसवत बसावं लागेल. ५० ची सीमा ठेवली तर बाबांच्या काळच्या नोंदी १९८६, १९८७ अशाच दिसतील आणि नव्या २०२५.

झालं की सेव्ह "वर्गणी" लाइन आणि पुढे मेनूच्या लाइनचा नंबर, रोमनमध्ये नाव द्या, १० अक्षरांच्या आत. आणि एक विनंती, जमलं तर बाबांच्या लाइनी पुसू नका, त्यांच्या पुढे रेम (ही लाइन चालवू नको, नुसती ठेव) लावून तशाच ठेवा आणि आपली लाइन खाली घाला. मंडळात दाखवाल तेव्हा ती लिस्ट पण लोकांना दाखवता येईल.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, काकाचा स्पेक्ट्रम मिळालाय. मॅनिक मायनर या गेममध्ये पोक ३५१३६,० (मेमरीच्या ३५१३६ या पत्त्यावर ० लिहिणं) केलं की जीव संपत नाहीत असं वाचलं. केलं पण, चाललं पण, पण का चाललं? आणि हे कायमचं कसं करायचं? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: शाब्बास रे, चाललं तरी का चाललं विचारतोयस. बहुतेक जण चाललं की पुढच्या गेमकडे जातात.

बघ, स्पेक्ट्रमचा मेंदू म्हणजे झेड८० प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झचा. त्याला मेमरीत एकामागून एक आकडे दिसतात आणि प्रत्येक आकडा म्हणजे एक हुकूम. ६१ म्हणजे ए रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतला आकडा ठेवायचा कप्पा) एक वजा कर, ५३ म्हणजे एचएल रजिस्टर जिकडे बोट दाखवतोय त्या मेमरीतून एक वजा कर, २०५ म्हणजे अमुक पत्त्यावरचं काम करून परत ये, २०१ म्हणजे परत जा. आणि ० म्हणजे काही करू नको, पुढे चल. गेममध्ये माणूस मेला की कुठेतरी "जीव एकने कमी कर" असा हुकूम असणारच, तो ३५१३६ या पत्त्यावर आहे, तिथे तू ० ठेवलास, म्हणजे प्रोसेसर तिथपर्यंत येतो, काही करत नाही, पुढे जातो. बाकी सगळं तसंच चालतं, मरणाचं चित्र दिसतं, आवाज येतो, फक्त आकडा कमी होत नाही.

यातून एक नियम काढून ठेव: पोक करायच्या आधी पीक, म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं. प्रिंट पीक ३५१३६ करून तिथे आधी काय होतं ते वहीत लिहून घे, कारण तेवढं लिहिलेलं असेल तर कुठलाही बदल मागे घेता येतो. आणि हुकूम किती बाइटचा आहे ते बघ. एक बाइटचा असेल तर एक शून्य पुरतं, पण २०५ असेल तर त्यामागचे दोन बाइट पत्त्याचे असतात, आधी खालचा बाइट मग वरचा, तिथे फक्त पहिल्यावर शून्य ठेवलंस तर ते पत्त्याचे दोन आकडेच हुकूम म्हणून चालायला लागतील आणि मशीन हँग. तिथे तीन शून्यं लागतात.

कायमचं करायचे तीन रस्ते आहेत. कॅसेटवरच करायचं तर लोड ऐवजी मर्ज "" वापर, त्याने बेसिकचा छोटा लोडर येतो पण आपोआप सुरू होत नाही. त्यात रँडमाइझ यूएसआर दिसेल, तिथून मशीन कोड सुरू होतो, त्याच्या अगदी आधी पोक ३५१३६,० घाल आणि हा लोडर नव्या कॅसेटवर सेव्ह कर. नंतरच्या काळात स्पीडलॉकसारखी कुलपं आली तिथे हे चालत नाही, त्यासाठी रोमँटिक रोबोट कंपनीचं मल्टिफेस नावाचं यंत्र मागे लावायचे, लाल बटण दाबलं की गेम जिथल्या तिथे थांबायचा आणि पोक टाकता यायचे.

दुसरा रस्ता एसएनए फाइलचा, म्हणजे चालू मेमरीच्या फोटोचा, आणि शिकायला हाच सगळ्यात चांगला. इम्युलेटरमधून (आजच्या कॉम्प्युटरवर जुनं मशीन चालवणारा प्रोग्राम) ४८के ची एसएनए सेव्ह केलीस तर ती बरोबर ४९,१७९ बाइटची असते, पहिले २७ बाइट रजिस्टरचे आणि मग १६३८४ पासून पूर्ण ४८ केबी मेमरी जशीच्या तशी. म्हणजे मेमरीतला कुठलाही पत्ता फाइलमध्ये शोधायचा तर १६३८४ वजा करायचे, २७ मिळवायचे. ३५१३६ चा येतो १८७७९. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट बदलू देणारा प्रोग्राम) तिथे जा, शून्य कर, झालं. झेड८० नावाच्या फाइलप्रकारात हे करू नको, ती बहुधा कॉम्प्रेस केलेली असते, पत्ते जुळणार नाहीत.

तिसरा टॅप फाइलचा, म्हणजे कॅसेटच्या डिजिटल प्रतीचा. यात प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी एक चेकसमचा बाइट असतो, आधीच्या सगळ्या बाइटचा एक्सऑर (दोन बिट वेगळे असतील तिथे १, सारखे तिथे ०). मधला एक बाइट बदललास आणि चेकसम तसाच ठेवलास तर टेप लोडिंग एरर येणार. सगळं परत मोजायची गरज नाही, जुना चेकसम एक्सऑर जुना बाइट एक्सऑर नवा बाइट, आलेला आकडा शेवटी ठेव.

आणि पोक म्हणजे फक्त चीटिंग असं कोणी म्हणालं तर त्याला जेट सेट विलीची गोष्ट सांग. १९८४ चा गेम, सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सचा. त्यात माळ्याच्या खोलीत एकदा गेलं की एक बाण स्क्रीनच्या मेमरीबाहेर जाऊन गेमच्याच डेटावर लिहायचा, बाकीच्या खोल्या बिघडायच्या आणि गेम पूर्ण होणंच शक्य नव्हतं. शेवटी कंपनीनेच ते दुरुस्त करायचे पोक दिले. कॅसेट विकली गेली की परत घेता येत नाही, मग दुरुस्ती आकड्यांतूनच लोकांच्या घरी जायची.

प्रश्न: माझा स्पेक्ट्रम दर वेळी "आर टेप लोडिंग एरर" देतो. कॅसेट खराब की मशीन? बदल करायचं तर पुढचंच. (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: काका, स्क्रीनच्या कडेच्या पट्ट्या बघा, त्या सगळं सांगतात. सुरुवातीला लाल आणि निळसर रुंद पट्ट्या शांतपणे हलल्या पाहिजेत, मग निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्या. लाल पट्ट्याच नीट दिसत नसतील तर आवाजच पोचत नाहीये, वायर किंवा व्हॉल्यूम. पट्ट्या सगळ्या येऊन मग एरर येत असेल तर टेपरेकॉर्डरचं हेड. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि इअरबडने हेड पुसा, तरी नाही झालं तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवून आवाज सगळ्यात तीक्ष्ण येतो तिथे ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते, पांढरे डाग दिसले तर ती कॅसेट आधी चालवूच नका, हेडलाही लागेल. सेव्ह करताना माइक आणि इअर दोन्ही वायरी एकदम लावून ठेवू नका, एकच ठेवा.

मोबाइलवरून लोड करणार असाल तर एमपी३ नको, डब्ल्यूएव्ही घ्या, इक्वलायझर बंद, व्हॉल्यूम जवळपास पूर्ण आणि फोन एअरप्लेन मोडवर, कारण मध्येच एखाद्या मेसेजची टिंग आली की तिथेच एरर.

आणि कळकळीने सांगतो, जेल रोडवरून ९ व्होल्टचा ॲडॉप्टर आणाल तर पिनची पोलॅरिटी बघून आणा. स्पेक्ट्रमला मधली पिन मायनस लागते, बाजारात मिळणारे बहुतेक मधे प्लस असतात. उलटा लावला तर आतले पार्ट जळू शकतात आणि ते आता सहज मिळत नाहीत.

प्रश्न: मी मराठीची निवृत्त शिक्षिका. नातवाने घरातला जुना स्पेक्ट्रम सुरू केला. त्यावर देवनागरी दिसू शकेल का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: दिसेल, काकू, आणि तुम्ही अक्षरं काढायची, नातवाने आकडे टाइप करायचे, इतकं छान काम दोघांना दुसरं मिळणार नाही. त्या काळात पीसीवर देवनागरीसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुण्याच्या सीडॅकने पुढे नेलेलं जिस्ट कार्ड आलं, पण घरगुती मशीनवर आपलं आपण करायचं.

स्पेक्ट्रमचं प्रत्येक अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांचं, एका ओळीचा एक बाइट, म्हणजे एका अक्षराला आठ आकडे. डावीकडून ठिपक्यांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. जिथे ठिपका हवा त्यांची बेरीज. प घ्या: पहिली ओळ शिरोरेषा, पूर्ण भरलेली, २५५. मग तीन ओळी ६६, म्हणजे डावा पाय आणि उजवा दंड. मग डावा पाय वळून दंडाला मिळतो, ६२. मग नुसता दंड, २ आणि २. शेवटी ०. काना आणखी सोपा, २५५ आणि मग सहा वेळा ८, शेवटी ०. शिरोरेषा दोन्हीकडे कडेपर्यंत २५५ ठेवली म्हणून शेजारची अक्षरं आपोआप जोडली जातात, ही गोष्ट इंग्रजी अक्षरांत कोणाला करावी लागली नव्हती आणि इथे ती किती सहज बसते बघा.

सोपी सुरुवात म्हणजे यूडीजी, ए ते यू अशी २१ अक्षरं आपली ठेवता येतात, पत्ता ६५३६८ पासून. पण २१ मध्ये मराठी भागत नाही. मग पूर्ण फॉन्टच बदलायचा. फॉन्टमध्ये ९६ अक्षरं, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ७६८ बाइट. क्लिअर ६३९९९ करून वरची जागा राखून ठेवा, ६४००० पासून आपला फॉन्ट पोक करा आणि मग पोक २३६०६,० आणि पोक २३६०७,२४९. हा आकडा २५० नाही २४९, कारण मशीन फॉन्टच्या २५६ बाइट आधीचा पत्ता मागतं. परत इंग्रजी हवं तर पोक २३६०७,६०.

मात्रा आणि वेलांटी मात्र खरं काम घेतात. ८ ओळींच्या आत शिरोरेषेच्या वर जागा नाही, म्हणून वेलांटी वरच्या ओळीत छापावी लागते आणि २४ ओळींच्या स्क्रीनवर मराठीच्या १२ च ओळी बसतात. मला तरी १२ ओळी आणि सुबक अक्षर हे २४ ओळी आणि दाटीवाटीपेक्षा आवडतं. उकारासाठी अक्षर थोडं वर उरकून खाली दोन ठिपके जागा ठेवा आणि प्रिंट ओव्हर १ ने उकार त्यावर छापा. पण ओव्हर १ मध्ये ठिपक्यावर ठिपका आला की तो पुसला जातो, म्हणून उकाराच्या चित्रात शिरोरेषा काढायची नाही, नाहीतर आधीच्या अक्षराची शिरोरेषा गायब होईल. जोडाक्षरं सगळी करायला जाऊ नका, क्ष, ज्ञ, त्र, श्र आणि रफार एवढ्यावर बरंच भागतं.

प्रश्न: परदेशातून आणलेला कमोडोर ६४ आहे. तो सारखा "रेडी" म्हणतो, त्याऐवजी आपलं काही म्हणेल का? रॉम, म्हणजे आतली कायमची मेमरी, तर बदलत नाही ना? (बडोदा)

उत्तर: रॉम बदलत नाही, पण कमोडोरमध्ये बेसिकच्या रॉमखाली त्याच पत्त्यावर रॅम, म्हणजे लिहिता येणारी मेमरी, दडलेली आहे. वाचलं तर रॉममधून वाचतो, लिहिलं तर खालच्या रॅममध्ये लिहितो. म्हणून फॉर आय=४०९६० टू ४९१५१: पोक आय,पीक(आय): नेक्स्ट, दिसायला काहीच्या काही वाटतं पण याने पूर्ण बेसिक रॅममध्ये उतरतं. थोडा वेळ लागतो, थांबा. मग पोक १,५४ दिलं की रॉम बाजूला होते आणि मशीन रॅममधल्या बेसिकवर चालतं, तुम्हाला काहीच फरक दिसणार नाही. आता पीक करून बघा, ४१८४८ पासून ८२, ६९, ६५, ६८, ८९ दिसले पाहिजेत, तेच रेडी. पाचच अक्षरांची जागा आहे. रोमनमध्ये "सांगा" लिहायला पण पाचच लागतात: ८३, ६५, ७८, ७१, ६५. बंद करून चालू केलं की परत जुनं.

प्रश्न: हे सगळं कायदेशीर आहे का? गेम कोणाचे तरी आहेत ना? (इंदूर)

उत्तर: आहेतच, १९८३-८४ च्या गेमचे कॉपीराइट अजून संपलेले नाहीत. पण आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये सॉफ्टवेअरसाठी मोकळीक दिलेली आहे: कायदेशीर मिळवलेल्या प्रतीची सुरक्षेसाठी कॉपी ठेवणं, ती वापरण्यासाठी लागतील ते बदल करणं, आतलं काम समजून घेण्यासाठी अभ्यास करणं, आणि स्वतःच्या बिगर-व्यापारी वापरासाठी प्रत किंवा बदललेली प्रत करणं. म्हणजे घरच्या कॅसेटवर घरात पोक करा, बिनधास्त. बदललेला गेम पेन ड्राइव्हवर भरून विकायला लागलात तर तो वेगळा मामला आहे. स्पेक्ट्रमच्या रॉमचं पण स्पष्ट आहे, सिंक्लेअरचा कॉम्प्युटर धंदा १९८६ ला ॲमस्ट्रॅडने घेतला आणि १९९९ मध्ये इम्युलेटरसोबत रॉम द्यायला त्यांनी परवानगी दिली, कॉपीराइटची ओळ काढायची नाही एवढी अट.

प्रश्न: शाळेने काढून टाकलेला बीबीसी मायक्रो माझ्याकडे आहे, फ्लॉपी ड्राइव्हसकट. भूगोलाचा एक प्रोग्राम कॅसेटवरून छान चालतो, फ्लॉपीवर घेतला की "नो रूम". प्रोग्राम तोच, मशीन तेच! (निवृत्त शिक्षक, इंदूर)

उत्तर: सर, १९८४ च्या क्लास या सरकारी शालेय कॉम्प्युटर प्रकल्पात आपल्या शाळांना जे बीबीसी मायक्रो मिळाले त्यातल्या पुष्कळ मशीनींची ही तक्रार असणार. कारण साधं आहे. मेमरी एकूण ३२ केबी, त्यात स्क्रीन पण. कॅसेटवर बेसिक प्रोग्राम ३५८४ या पत्त्यापासून सुरू होतो, पण फ्लॉपी चालवणारी डीएफएस रॉम लावली की ती आपल्या कामाला २,८१६ बाइट अडवते आणि प्रोग्राम ६४०० पासून सुरू होतो. तुमचा प्रोग्राम काठोकाठ लिहिलेला आहे, तेवढे बाइट गेले की त्याला जागा पुरत नाही.

उपाय असा की फ्लॉपीवरून नेहमीसारखा लोड करायचा, मग *टेप द्यायचं, म्हणजे फ्लॉपीची गरज संपली असं मशीनला कळतं. मग लाइन नंबर न देता फॉर आय%=० टू टॉप-पेज स्टेप ४: आय%!३५८४=आय%!पेज: नेक्स्ट, याने प्रोग्राम चार-चार बाइट करत खाली सरकतो (पेज म्हणजे प्रोग्रामची सुरुवात, टॉप म्हणजे शेवट). मग पेज=३५८४, मग ओल्ड, मग रन. आय% मधलं टक्क्याचं चिन्ह विसरू नका. हे रोज टाइप करायला नको म्हणून *की० वर बसवून ठेवा, लाल फंक्शन कीपैकी पहिली दाबली की सगळं आपोआप होईल.

पण तुमचा प्रोग्राम मध्येच फ्लॉपीवरून नकाशे किंवा दुसरी फाइल मागवत असेल तर *टेप नंतर तो कॅसेट शोधत बसेल. तसं असेल तर हा उपाय चालणार नाही, लिस्टमधून रेमच्या लाइनी काढून आणि मोठे ॲरे लहान करून ते २,८१६ बाइट वाचवावे लागतील. लिस्ट प्रिंट करून पाठवलीत तर कुठली लाइन काढायची ते मी बघून कळवतो.